बारा जणींचे बारा शब्द

त्या बारा शब्दांपैकी एकही शब्द मी इथं लिहिणार नाही. आज त्यांची किंमत फुटक्या कवडीएवढीही नाही आणि कुणी चोरले तरी त्याच्या हाती काही लागायचं नाही. तरी लिहिणार नाही.

मी महानंदा. सोलापुरात शेळगीला आमचा कडक भाकरीचा गट आहे. बारा बायका, सहा चुली आणि वर पत्रे. सकाळी सहाला चुली पेटतात. ज्वारीची, बाजरीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून कडक होऊ द्यायची, दुपारी दोनपर्यंत हेच. बावीस वर्षं झाली. सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. दाराजवळ पहिली मी, माझ्या शेजारी सावित्रम्मा, मग कमलम्मा, असं गोलात फिरत शेवटी रुपाली. दुसरीच्या जागेवर कुणी बसत नाही, बसली तर मी उठवते. माझं तोंड फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे वाटोळं झालं त्यात कंपनीचा वाटा मोठा असला तरी माझ्या तोंडाचा वाटा लहान नाही.

सावित्रम्मा दुधनीची. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन शेळगीत आलो. तिचा नवरा लवकर गेला, मुलगा नाही, म्हणून ती लेकीकडे राहायची. जावई चुलीवरचं दूध किती ते झाकण काढून बघणारा माणूस. सावित्रम्मानं दोन गल्ल्या सोडून एक खोली बघून ठेवली होती, दहा बाय दहाची. डिपॉझिट जमलं की तिकडे जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. मी विचारायची, "त्या खुराड्यात काय हाय गं?" ती म्हणायची, "आतनं कडी हाय. दार लावलं की माजं मी."

आता त्या कॉइनची गोष्ट.

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, मल्लप्पांना, कॉइन या शब्दाचाच तिटकारा होता. पाच-सहा वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या हॉलमध्ये कुणी कोट घातलेला पोरगा आला, पडद्यावर रेघा चढताना दाखवल्या, आणि मालकांनी आपल्या दुकानातले दीड लाख त्याच्या हवाली केले. तीन महिन्यांत पोरगाही गेला आणि रेघाही गेल्या. तेव्हापासून घरात कुणी कॉइन म्हटलं की मालक म्हणायचे, "चप्पल काढू का?" शेळगीत अशी घरं कमी नाहीत. कॉइन म्हणजे लबाडी, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत होतं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कंपनीनं स्वतःचं कॉइन काढलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्या साबणानं तुम्ही आज सकाळी हात धुतले असतील, एवढं सांगितलं तरी पुरे. आमच्या भाकऱ्या तिच्याच दुकानांत जातात. कॉइनचं नाव 'सोबत'. भाकरीचे पैसे रोखीनं मिळायचेच, पण दिवाळीचा बोनस आणि दर शंभर भाकऱ्यांमागची वाढ 'सोबत'मध्ये घेतली तर दहा टक्के जास्त. शिवाय भाव चढेल तो वेगळा.

हे समजावायला आलेला माणूस प्रभु. अक्कलकोटकडचा, तिशीचा, कपाळाला भस्म. आल्या आल्या कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, हेदरब्याड्री." घाबरू नका. सोलापुरात हे दोन शब्द गोड आवाजात बोलता आले की निम्मं काम होतं. मी मालकांना विचारलं. चप्पल काढणाऱ्या त्या माणसानं कागदावरचं कंपनीचं चिन्ह बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "हे येगळं हाय. त्या पोराच्या मागं कोण व्हतं? ह्याच्या मागं येवडी कंपनी हाय." माझ्याही मनात तेच होतं. कॉइनवरचा विश्वास उडालेला होता तो उडालेलाच राहिला. आम्ही विश्वास ठेवला तो साबणावर.

खातं एकच काढलं, गटाच्या नावानं, माझ्या फोनवर. बारा जणींची कागदपत्रं कुठं जमवत बसायची? प्रभु म्हणाला, "आता फोनवर बारा इंग्रजी शब्द येतील. फोन हरवला, ॲप बदललं, तर हे बारा शब्द क्रमानं टाकले की पैसे परत दिसतात. ज्याच्याकडं बारा शब्द, त्याचे पैसे. कुणाला सांगू नका. मला पण न्हाई."

कमलम्मा लगेच म्हणाली, "म्हंजे महानंदाकडं सगळे शब्द असले तर सगळे पैसे महानंदाचे?"

दुसरी कुणी असती तर तिला राग आला असता. मला तर आलाच. पण मग माझ्याच डोक्यात आलं, आपण बारा आहोत आणि शब्दही बाराच. एकीला एक शब्द वाटून टाकू. म्हणजे बारा जणी एकत्र बसल्याशिवाय खातं उघडायचं नाही. सगळ्या खूश झाल्या. प्रभु जरा गडबडला, असं त्यानं कुठं ऐकलं नव्हतं. सावित्रम्मा हसून म्हणाली, "लई भारी. एक जरी रुसली तरी समद्या उपाशी."

रुपाली आमच्यात वयानं लहान, बारावी झालेली. तिनं फोनवर बघून एकेक शब्द मराठी अक्षरांत चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालून माझ्याकडं द्यायची, आणि मी वाटायची. तिनं विचारलं, "अक्का, नंबर घालू का चिठ्ठीवर?"

"नंबर कशाला? जागा ठरल्याल्या हाईत की. चोराला वाट दावायची का?"

माझं हे बोलणं सगळ्यांना पटलं. त्या दिवशी दाराजवळच्या माझ्या जागेवर प्रभुला खुर्ची दिली होती, आणि मी उभ्यानं वाटत होते. आज ते चित्र मला स्पष्ट दिसतं. तेव्हा त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

चिठ्ठ्या जिनं तिनं आपापल्या परीनं जपल्या. कमलम्मानं तांदळाच्या डब्यात, दगडाबाईनं देव्हाऱ्याखाली, मी मंगळसूत्राच्या डबीत. सावित्रम्मानं चिठ्ठी आपल्या इष्टलिंगाच्या वस्त्रात गुंडाळली आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवली. म्हणाली, "हितनं कोन काडतंय?"

दोन वर्षं आकडा वाढत गेला. जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडून दाखवायची आणि बारा जणी मान वाकवून बघायच्या. मागच्या माघात तो एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गेला होता. सावित्रम्माच्या वाट्याला पंधरा हजारांच्या वर येत होते. खोलीचं डिपॉझिट बारा हजार. तिनं घरमालकाला सांगून ठेवलं, गुढीपाडव्याला येते.

मार्च उजाडला आणि फोनवर निरोप आला. 'सोबत' योजना बंद होत आहे. एकतीस तारखेपर्यंत नव्या ॲपमध्ये बारा शब्द टाकून आपली शिल्लक बदलून घ्यावी. त्यानंतर शिल्लक शून्य धरली जाईल.

मी तारीख ठरवली, शनिवार, दुपारी तीन. चुली विझवल्या, बाराही जणी आपापल्या जागेवर बसल्या. रुपालीच्या हातात फोन. स्क्रीनवर लिहिलं होतं, तीनदा चुकल्यास खातं कायमचं बंद होईल. मी म्हटलं, "चुकतोय कशाला?" पहिली माझी चिठ्ठी दिली. मग सावित्रम्मा. तिनं डबी उघडली, वस्त्र सोडलं, आणि चिठ्ठीच्या जागी कागदाचा लगदा निघाला. रोज लिंगाला पाणी घालून पूजा करायची, ओलसर वस्त्र पुन्हा गुंडाळायचं, दोन वर्षं. अक्षर राहणार कुठून?

"पर मला पाट हाय की," ती म्हणाली. "रोज पूजेला बसले की एकदा मनात म्हनते." आणि तिनं रुपालीच्या कानात शब्द सांगितला.

बाकीच्या चिठ्ठ्या कोरड्या होत्या. बाराही शब्द टाकले. शब्द जुळत नाहीत, असं आलं.

पुन्हा टाकले, एकेक अक्षर बघून. जुळत नाहीत.

अकरा जणी सावित्रम्माकडं बघायला लागल्या. मला बोलायची घाई. "आटव," मी म्हटलं, "दुसरा कुटला तरी आसंल." ती म्हणाली, "न्हाई. ह्योच हाय." मी रुपालीला विचारलं, तूच लिहिला होतास, तुला आठवतो का? ती म्हणाली, बाराच्या बारा भराभर लिहिले, दोन वर्षं झाली, नाही आठवत. कमलम्मा हळूच पुटपुटली, "जावयाला तर सांगितला न्हाई ना? त्यानं मदीच बदलून ठिवला आसंल काय तरी." असं काही बदलता येत नसतं, पण आम्हाला काय माहीत? आणि मला तेव्हा तेच खरं वाटलं.

मग मी ते बोलले. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग पैशाच्या भांडणात कुणी काढत नाही. भावकीत शेतं गेली तरी काढत नाहीत. मी म्हटलं, "लिंग हातात घे आन् सांग."

सावित्रम्मानं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असेल मी माघार घेईन. मी घेतली नाही. तिनं डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "शब्द त्योच हाय. कुनाला सांगितला न्हाई. जावयाला न्हाई, लेकीला न्हाई." मग डोळे उघडून म्हणाली, "पर महानंदा, पयली मी व्हते की गं. तू पयली चिट्टी मला दिली व्हतीस."

"दाराजवळ पयली कोन बसतंय? बावीस वर्सं?"

"बसतीस तूच. पर त्या दिशी..."

रुपालीनं तोंड उघडलं, "अक्का, येकदा त्यांचं ऐकून बगू का..."

"तू गप बस. हिला शब्द आटवंना म्हनून ही आता जागा बदलायला निगाली. लिंगाची तरी लाज धर गं!"

हे मी बोलले. माझ्याच तोंडून गेलं. सावित्रम्मानं लिंग वस्त्रात बांधलं, गाठ दोनदा सुटली. मी रुपालीला सांगितलं, टाक, मगाशी बोट कुठं तरी चुकीचं लागलं असेल. तिनं तिसऱ्यांदा त्याच क्रमानं शब्द टाकले. खातं कायमचं बंद झालं.

प्रभुचा फोन लागेना. नंतर कळलं, महिनाभर आधीच त्याला कामावरून काढलं होतं आणि त्याचा स्वतःचा वर्षभराचा बोनसही 'सोबत'मध्येच होता. कंपनीच्या नंबरवर एक बाई आली. म्हणाली, "मॅडम, शब्द सांभाळणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे." मी विचारलं, "आन् कंपनीची जबाबदारी कुटली?" ती म्हणाली, लाइनवर राहा. मी राहिले. त्यांच्या साबणाचं गाणं सतरा मिनिटं ऐकलं.

एप्रिलमध्ये पेपरात कंपनीचा खुलासा आला. 'सोबत' हे चलन कधीच नव्हतं, निष्ठावंत ग्राहकांना दिलेले ते गुण होते. ज्यांनी वेळेत बदलून घेतले त्यांना रुपयाला चाळीस पैसे या भावानं कुपनं मिळाली, तीही कंपनीच्याच दुकानात चालणारी. मालकांनी पेपर घडी करून ठेवला. "त्या हाटेलातल्या पोरानं निदान सोताच्या नावानं फशिवलं," ते म्हणाले. त्यानंतर शेळगीत बायका मोबाईलवरून विजेचं बिल भरायलाही कचरायला लागल्या. कॉइन लबाड असतं हे सगळ्यांना माहीतच होतं. आता मोठी पाटीही लबाड असते हे कळलं, मग कुणाकडं बघून हो म्हणायचं?

पण कंपनी लांब असते. तिला शिव्या घातल्या तरी तिच्या कानात जात नाहीत. सावित्रम्मा दोन गल्ल्यांवर होती. बारा बायकांचे पैसे हिनं खाल्ले, असं महिन्याभरात किराणा दुकानापर्यंत गेलं. मी ते पसरवलं नाही, पण कुणी विचारलं तर थांबवलंही नाही. जावयानं ऐकलं. तिचं गाठोडं दारात आलं. पाडव्याला ठरलेली खोली तिसऱ्याच कुणाला गेली आणि सावित्रम्मा दुधनीला भावाकडं निघून गेली. निरोप घ्यायला ती माझ्याकडं आली नाही.

गटात तिची जागा मोकळी राहिली. प्रत्येकीनं आपल्या पिठाच्या डब्याला कुलूप लावलं. बावीस वर्षं एकाच पातेल्यातलं पीठ घेणाऱ्या बायका आता आपापल्या भाकऱ्या दोनदा मोजून टेंपोत टाकायला लागल्या. टेंपो त्याच कंपनीचा होता. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

बसवजयंतीला मठात दासोह, म्हणजे सगळ्यांना जेवण, होता. मी दरवर्षी हुग्गी, म्हणजे खीर, वाढायला असते. बायकांच्या पंगतीत गव्हाच्या हुग्गीची बादली घेऊन फिरत होते. शेवटच्या ताटापर्यंत आले तसं स्वामींच्या घरची एक म्हातारी म्हणाली, "महानंदा, तू बी बस की."

"वाडनारी शेवटी," मी म्हटलं. तोंडात बसलेलं वाक्य. लग्न झाल्यापासून हजार वेळा म्हटलेलं.

आणि पळी बादलीतच राहिली.

मी त्या दिवशी वाटत होते. उभी राहून. माझ्या जागेवर प्रभु बसला होता. पहिली चिठ्ठी मी सावित्रम्माला दिली, मग कमलम्माला, फिरत फिरत अकरावी रुपालीला. आणि बारावी, उरलेली, मी घेतली. जेवण वाढावं तशी वाटली होती मी ती. स्वतःला आधी वाढून घेणं माझ्या हाताला जमलंच नसतं. पहिला शब्द तिचा होता आणि माझा शेवटचा.

मठातून तशीच रुपालीच्या घरी गेले. तिला नुसतं विचारलं, "शेवटची चिट्टी कुनी घेतली व्हती?"

ती खाली बघून म्हणाली, "तुमी."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलू दिलं कुटं अक्का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दुधनीला गेले. सावित्रम्मा भावाच्या घरामागं, जिथं पूर्वी जनावरं बांधत तिथं राहत होती. डाळीच्या गिरणीत निवडायला जात होती. दाराला कडी नव्हती, पोत्याचा पडदा होता. मला बघून म्हणाली, "बा, महानंदा." ये. जशी काही मी कालच भेटून गेले होते.

तिनं मला बसवलं, तांब्या दिला, भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. मी म्हटलं, तू घे. ती म्हणाली, "तू खा, मी मागनं." मी ताट बाजूला सारलं. सगळं सांगितलं. माझा शब्द बारावा होता हे सांगितलं. तू खरी होतीस, हे सांगितलं. रडले. म्हटलं, चल शेळगीला, सगळ्यांसमोर मी सांगते, तुझी जागा तशीच आहे.

तिनं माझं ताट माझ्याकडं सरकवलं.

"कंपनीचं नाव तू कागदावर वाचलंस," ती म्हणाली, "आन् इस्वास ठेवलास. माजं नाव तुला तीस वर्सं ठावं व्हतं. लिंग बी हातात घेतलं की मी. आनि काय घ्यायचं व्हतं?"

मी पुन्हा म्हटलं, चल.

"येनार न्हाई मी," ती म्हणाली. "तू सांग त्यास्नी. सांगायचं तर सांग. मला तितं आता झोप लागायची न्हाई."

निघताना तिनं मला पडद्यापर्यंत सोडलं. गळ्यातली चांदीची डबी तिनं मुठीत धरली होती. जावयानं हाकलताना तिचा हात पिरगळला होता, शब्द सांग म्हणून, पैसे कुठं गेले ते बघतो म्हणून. हे मला तिच्या भावजयीनं आधीच सांगितलं होतं. दोन बोटं अजून सरळ होत नव्हती.

"महानंदा," ती म्हणाली, "त्यो शब्द अजून कुनाला सांगितला न्हाई बग मी. सोडलं म्हन की मला आता. तुमी समद्या मिळून सांगा, आता सांगितला तर चालतंय म्हनून. मग मी इसरीन."

मी हो म्हटलं. शेळगीला आले. दुसऱ्या दिवशी सहाला चुली पेटल्या, आणि पीठ मळायच्या आधी मी दहा जणींना उभं करून माझी चूक सांगितली. कमलम्मानं आपल्या डब्याचं कुलूप काढलं, पीठ घेतलं आणि पुन्हा लावलं. मग मी सावित्रम्माचा निरोप सांगितला, तिला शब्दातून मोकळं करायचं आहे म्हणून. दगडाबाई म्हणाली, "बघू. समद्या जमल्यावर ठरवू."

समद्या म्हणजे बारा. अकरा आम्ही होतोच.